समानार्थी शब्द पाठ आहेत, पण शब्दांच्या छटा मुलांना कशा शिकवायच्या?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी आठवी-नववीला मराठी शिकवते. एक अडचण बरेच दिवस डोक्यात घोळतेय, इथे भाषेवर मनापासून बोलणारे लोक आहेत म्हणून विचारते. मुलांना शब्दाचा अर्थ कळतो पण छटा कळत नाही. समानार्थी शब्द तोंडपाठ असतात, पेपरात धडाधड लिहितात, पण तेच शब्द स्वतःच्या लिखाणात आले की बट्ट्याबोळ होतो. सगळीकडून त्यांच्या कानावर पडत असतं ना की शब्दसंपत्ती वाढवा, तेच तेच शब्द वापरू नका, मग ती बिचारी प्रामाणिकपणे यादी उघडतात आणि त्यातला सगळ्यात जड दिसणारा शब्द उचलून वाक्यात बसवतात.

उदाहरण देते. एका मुलीने कच्च्या वहीत लिहिलं होतं, "आजी दारात उभी होती. तिने मला पाहिलं आणि ती हसली. आलीस बाळा, म्हणाली." किती छान आहे हे. पक्क्या वहीत उतरवताना तिने त्याचं केलं, "आजी द्वारात उभी होती. तिने माझे अवलोकन केले आणि स्मितहास्य केले. आलीस बाळा, असे ती उद्गारली." दुसऱ्या एका मुलाच्या निबंधात आजारी आजी नातवाला बघून खिदळली होती, कारण यादीत हसणे म्हणजे खिदळणे असं दिलंय.

नेहमीची पद्धत म्हणजे शब्द तीन रकान्यांत टाकायला सांगायचे, चांगला, वाईट, तटस्थ. ते मुलं बिनचूक करतात. काटकसरी चांगला, कंजूष वाईट, खर्च करणे तटस्थ. पण 'अवलोकन' कुठे टाकणार? तो शब्द वाईट नाही, तटस्थच आहे, तरी त्या आजीच्या तोंडासमोर तो परका वाटतो. मला नेमकं हे परकेपण मुलांच्या कानाला जाणवून द्यायचंय, आणि नुसतं "बरं वाटत नाही" असं म्हणून सोडून द्यायचं नाहीये, का वाटत नाही ते त्यांना सांगता आलं पाहिजे. कोणी काही करून बघितलंय का?

शाईडाग

ताई, मी तर म्हणेन रकाने बंदच करा. रकान्यात शब्द एकटा पडतो आणि छटा एकट्या शब्दात फार थोडी असते. 'कार्टं' घ्या. शेजारच्या बाईंनी आपल्या मुलाला कार्टं म्हटलं तर भांडण होईल, आणि आईच दार उघडताना "आलं का माझं कार्टं" म्हणाली तर त्यात निव्वळ लाड आहे. आता हा शब्द कुठल्या रकान्यात जाणार?

माझा वर्गातला प्रश्न एकच असतो, हे कोण बोललं असेल? फळ्यावर एक वाक्य लिहायचं आणि त्यातला एकच शब्द बदलत जायचं. "बाकावर एक म्हातारा बसला होता." मग म्हातारा पुसून 'वृद्ध', मग 'थेरडा', मग 'आजोबा' (इथे क्रियापदही बदलून 'बसले होते' करावं लागतं, आणि ते मुलं आपणहून करतात, त्यावरही जरूर थांबा), मग 'ज्येष्ठ नागरिक'. प्रत्येक वेळी मुलांना विचारायचं, सांगा बरं हे कोणाच्या तोंडचं आहे. लगेच उत्तरं येतात. वृद्ध म्हणजे बातमी असेल. थेरडा म्हणणाऱ्याचं त्या माणसाशी काहीतरी वाकडं आहे. आजोबा म्हणणारा एकतर लहान आहे नाहीतर ओळखीचा. ज्येष्ठ नागरिक म्हटल्यावर तर वर्ग हसतो, सर ही अनाउन्समेंट आहे. मग विचारायचं की बाकावरचा माणूस बदलला का? नाही बदलला. मग काय बदललं? बोलणारा बदलला, त्याचं आणि त्या माणसाचं नातं बदललं. एवढं मुलांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं की पुढचं काम सोपं जातं.

'अवलोकन'ला पण हाच प्रश्न लावा. अवलोकन कोण करतं? मुलं सांगतील की तपासायला आलेले साहेब, शास्त्रज्ञ, दुर्बीण लावून बसलेला माणूस. बरं, कशाचं करतात? परिस्थितीचं, ग्रहताऱ्यांचं. मग त्या आजीने नातीचं अवलोकन केलं म्हणजे नात कोण झाली? तपासायची वस्तू झाली. तुम्हाला हवं असलेलं 'का' इथेच सापडतं आणि त्यासाठी तटस्थ-बिटस्थ काही म्हणायला लागत नाही. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बोलणाऱ्याला दोन पावलं मागे नेतात, काही ठिकाणी तेच हवं असतं, निवेदनात, अहवालात, श्रद्धांजलीत. घरातल्या दारात नको असतं.

आणि एक राहिलं. आपल्याकडे शब्दशक्ती म्हणून व्याकरणात शिकवतात ना, अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ बसत नाही तेव्हा घ्यायचा जवळचा अर्थ), व्यंजना (न बोलता सुचवलेला अर्थ), त्याच्या व्याख्या मुलं पाठ करून विसरतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिथे वर्गात वापरायला तयार हत्यार पडलंय. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ११व्या शतकात व्यंजना कशाकशावरून ठरते त्याची यादीच दिलीय. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आवाजाचा चढउतार (त्याला काकू म्हणतात), जवळ तिसरं कोण उभं आहे, प्रसंग कुठला, जागा कुठली, वेळ कुठली. आणखीही दोन-तीन बाबी आहेत पण शाळेला एवढ्या पुरतात. काव्यशास्त्रातलं जुनं उदाहरणही भारी आहे, "सूर्य मावळला" एवढंच वाक्य. गुराख्याने म्हटलं तर गुरं घराकडे वळवा, मजुराने म्हटलं तर काम थांबवा, कोणाची वाट बघणारीला मैत्रीण म्हणाली तर तो येईलच आता. मुलांना सांगा, हेच वाक्य चार जणांच्या तोंडी घाला आणि प्रत्येकाने पुढे काय केलं ते एका ओळीत लिहा. माझ्या अनुभवात हा तास कधी कंटाळवाणा झालेला नाही.

तिसरा बाक

शाईडाग सर, तुमची पद्धत मस्त आहे पण ती ज्या मुलांच्या कानावर भरपूर मराठी पडलंय त्यांच्यासाठी आहे असं मला वाटतं. मी पाचवी-सहावीला शिकवते आणि माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी वेगळीच भाषा बोलतात. 'थेरडा' हा शब्द त्यांनी आयुष्यात ऐकलेला नसतो, मग कोण बोललं असेल विचारलं की वर्ग गप्प बसतो. त्यांना आधी सांगावंच लागतं की बाबा रे हा शब्द टोचणारा आहे, वापरू नकोस. त्यामुळे रकाने अगदी टाकाऊ नाहीत, पहिली पायरी म्हणून मी ठेवते, फक्त तिथे थांबत नाही.

त्यानंतरची माझी आवडती गोष्ट म्हणजे मी-तू-तो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने १९४८ साली बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमात गमतीने केलं होतं हे, एकच स्वभाव, पण स्वतःबद्दल बोलताना एक शब्द, समोरच्याबद्दल दुसरा आणि जो तिथे हजर नाही त्याच्याबद्दल तिसरा. मराठीत ते इतकं चपखल बसतं. मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो आडमुठा आहे. मी काटकसरी, तू हिशेबी, तो चिकट. मी स्पष्ट बोलते, तू फटकळ आहेस, ती तोंडाळ आहे. मी सावध, तू भित्रा, तो शेळपट. दोन-तीन उदाहरणं फळ्यावर लिहून दिली की मुलं सुटतात, गट करून द्यायचे आणि प्रत्येक गटाने दोन नवीन आणायच्या. यात मराठी कमी येणाऱ्या मुलांनाही शब्द मिळतात कारण गटातलं कोणीतरी सांगतं, आणि शब्दाचं टोक कुठल्या बाजूला वळलंय ते आपोआप कळतं, पाठ करावं लागत नाही.

अजून एक, शब्दाची संगत. काही क्रियापदं ठरावीक सोबतीनेच फिरतात आणि हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नसतं. 'ओढवणे' बघा, संकट ओढवतं, आपत्ती ओढवते, नामुष्की ओढवते. बक्षीस कधी ओढवत नाही. 'लाभणे' त्याच्या अगदी उलट, भाग्य लाभतं, सहवास लाभतो, मार्गदर्शन लाभतं, पण ताप लाभत नाही. 'माजणे' म्हटलं की गोंधळ, तण, अनागोंदी. 'जडणे' तर फार गोड शब्द आहे, व्यसन जडतं, आजार जडतो आणि प्रेमही जडतं, म्हणजे जे आपल्याला सहज सोडवता येत नाही ते जडतं. मी नुसत्या रिकाम्या जागा देते, "त्याच्यावर ____ ओढवलं", "तिला ____ लाभलं", आणि भरून झाल्यावर विचारते की कोणीच ओढवलंच्या आधी आनंदाची गोष्ट का नाही लिहिली? नियम तर कोणी सांगितला नव्हता. मग मुद्दाम उलटं करायला लावते, "परीक्षेत त्याच्यावर पहिला नंबर ओढवला". हसतात सगळे, आणि का हसलो ते सांगायला लागतात. पहिला नंबर आला याचं त्याला दुःख झालेलं दिसतंय, असं एक पोरगी म्हणाली. यापेक्षा चांगली व्याख्या मला तरी देता आली नसती.

अर्धविराम

मी शिक्षक नाही, वर्तमानपत्रात कॉपी, म्हणजे छापायला जाणारा मजकूर, तपासायचं काम करतो, पण हा विषय आमच्या रोजच्या भांडणाचा आहे म्हणून लिहितोय.

मरणाचे शब्द शिकवा. वर्गात जरा गंभीर वाटेल पण आठवी-नववीच्या मुलांना चालतं, आणि मराठीत शब्दाने काय होतं हे दाखवायला याच्याइतकी स्वच्छ जागा दुसरी नाही, कारण घटना एकच आहे, माणूस आता नाही. आता बघा. 'मृत्यू झाला' म्हटलं तर नोंद. 'निधन झालं' म्हटलं की त्या माणसाला मान आहे, मागे शोक करणारे लोक आहेत, बहुतेक वय झालेलं. 'वारले', 'गेले' हे घरातलं, फोनवर सांगायचं. 'ठार' म्हटलं की बाहेरून काहीतरी येऊन आदळलं, अपघात, गोळी, स्फोट, आणि ते झटक्यात झालं. आजारी माणूस ठार होत नाही. 'दगावला' म्हटलं की वाचवायची धडपड चालू होती आणि हातातून निसटला असं वाटतं, म्हणून तो शब्द रुग्णाला, बाळाला, बाळंतिणीला आणि गुरांनाही लागतो. 'बळी गेला' म्हणताक्षणी कोणीतरी दोषी उभा राहतो, थंडीचा बळी, खड्ड्यांचा बळी, हलगर्जीपणाचा बळी. 'हुतात्मा' म्हटलं की मरणाला कारण आणि मोठेपण मिळालं. 'मेला' हा सगळ्यात साधा शब्द, पण माणसाबद्दल छापायला कोणी धजत नाही, इतका उघडा आहे तो.

आता हेडलाइन करून बघा. "खड्ड्यात पडून दुचाकीस्वाराचा मृत्यू", "खड्ड्यात पडून दुचाकीस्वार ठार", "खड्ड्याने घेतला दुचाकीस्वाराचा बळी". तिन्हीत माहिती तीच आहे, एक अक्षर खोटं नाही. पण पहिली वाचून तुम्ही पान उलटता, दुसरी वाचून दचकता, तिसरी वाचून रस्ता बांधणाऱ्याचा राग येतो. आमच्याकडे तिसरी लावायची की नाही यावर खरंच वाद होतात, कारण तिसरीत आम्ही निकाल दिलेला असतो. चौकशी अजून झालेली नसते. मुलांना हे दाखवाच, शब्द निवडणं म्हणजे बाजू घेणं असू शकतं आणि ती बाजू घेतल्याचं वाचणाऱ्याला कळतही नाही.

असंच गर्दी, जमाव, झुंड, घोळका, जनसमुदाय. मोर्चातली तीच माणसं, पण जमाव म्हटला की पुढचं क्रियापद 'पांगवला' येणारच, जनसमुदाय म्हटला की 'लोटला'. तिसरा बाक यांनी संगतीचं जे लिहिलंय ते हेच. मुलांना एकाच दिवसाच्या दोन वेगवेगळ्या पेपरांतली एकच बातमी शेजारी शेजारी ठेवायला द्या आणि फक्त क्रियापदं आणि विशेषणं गोल करायला सांगा, बाकी काही नको. गोल केलेले शब्द वेगळे लिहून काढले की कोण कोणाच्या बाजूने लिहितंय ते समोर येतं.

मोजपट्टी

मी कॉलेजला मानसशास्त्र शिकवते, दोन गोष्टींची भर घालते.

पहिली, चांगला-वाईट ही एकच पट्टी का पुरत नाही त्यावर फार जुनं काम आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स ऑसगुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये ते मांडलं. लोकांना एखादा शब्द द्यायचा आणि दोन टोकांच्या मध्ये सात पायऱ्यांवर खूण करायला सांगायची, चांगला ते वाईट, बलवान ते दुबळा, चपळ ते संथ, अशा पुष्कळ जोड्या. त्यातून पुन्हा पुन्हा तीन मुख्य दिशा निघाल्या, चांगलं-वाईट, जोर किती, आणि हालचाल किती. वर्गासाठी हे सोन्यासारखं आहे. रागाचे शब्द घ्या, राग, संताप, चीड, वैताग, त्रागा, रुसवा. रकान्यात टाकले तर बहुतेक सगळे वाईटमध्ये जाऊन बसतील आणि काहीच शिकवून होणार नाही. जोराच्या पट्टीवर ठेवा, मग बोलायला जागा होते. संताप एका टोकाला, रुसवा दुसऱ्या टोकाला. त्रागा मजेशीर आहे, त्यात हालचाल भरपूर पण जोर नाही, कारण तो माणूस समोरच्याचं काही करू शकत नाही म्हणून स्वतःचंच डोकं आपटतो. चीड अन्यायाची येते, ती येणाऱ्याला आपण बरोबर आहोत असं वाटत असतं. आणि रुसवा फक्त अशाच माणसावर धरता येतो जो आपली समजूत काढायला येईल अशी खात्री असते, अनोळखी माणसावर कोणी रुसत नाही. मुलांना खुणा करायला लावा आणि मग ज्या दोन मुलांच्या खुणा सगळ्यात लांब आहेत त्यांना बोलतं करा.

दुसरी गोष्ट, शब्दाने फक्त भावना बदलते असं नाही, आठवणही बदलते. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या एकमेकींना अमुक झाल्या तेव्हा वेग किती होता? प्रश्नातलं फक्त क्रियापद बदललं. ज्यांच्या प्रश्नात जोरात आदळण्याचं क्रियापद होतं त्यांनी सरासरी ताशी ४० मैलांहून थोडा जास्त सांगितला, ज्यांच्या प्रश्नात साधं धडकणं होतं त्यांनी ३४, आणि नुसता स्पर्श झाला या अर्थाचं होतं त्यांनी ३१.८. फिल्म सगळ्यांनी त्याच बघितल्या होत्या. पुढच्या प्रयोगात एका आठवड्याने विचारलं की फुटलेल्या काचा दिसल्या होत्या का. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७.

वर्गात खऱ्या अपघाताची फिल्म अजिबात दाखवू नका. टेबलावर दोन खेळण्यातल्या गाड्या सोडा, अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठीवर 'आदळल्या' आणि अर्ध्याच्या चिठ्ठीवर 'टेकल्या', बाकी प्रश्न सारखाच. आकडा प्रत्येक वर्गात हवा तसा येईलच असं नाही, पण आला नाही तरी चर्चा होते, आणि दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर मुलं ज्या तऱ्हेने एकमेकांकडे बघतात त्यातच निम्मं शिकवून झालेलं असतं.

खडूफळा

किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. मरणाचे शब्द आणि रागाचे शब्द मी नक्की घेणार. दोन शंका आहेत. एक म्हणजे आपण सगळे नाम-विशेषणांवरच बोलतोय (बातमीतली क्रियापदं सोडली तर), पण मुलांच्या लिखाणात मला क्रियापदाच्या शेवटाला काहीतरी होतंय असं जाणवतं, ते नेमकं पकडता येत नाहीये. दुसरी म्हणजे शरीराचे शब्द घ्यावेत का, सडपातळ, हडकुळा, लुकडा वगैरे, पुस्तकांत हमखास हीच उदाहरणं असतात. आणि मार्क कसे द्यायचे हा तर प्रश्न आहेच.

शेपूटवाला

क्रियापदाच्या शेपटाबद्दल मला लिहायचंच होतं, माझं आवडतं आहे ते. मराठीत भावनेचा मोठा भाग मागून लागणाऱ्या त्या छोट्या क्रियापदात असतो, टाकणे, ठेवणे, बसणे, देणे, घेणे. एकच काम घ्या, पत्र लिहिणं. "पत्र लिहिलं" ही माहिती झाली. "लिहून टाकलं", एकदाचं संपवलं, डोक्यावरचं ओझं उतरलं. "लिहून दिलं", दुसऱ्यासाठी केलं. "लिहून घेतलं", यात कदाचित थोडी जबरदस्ती आहे, पोलिसांनी लिहून घेतलं. "लिहून ठेवलं", पुढे कधीतरी लागेल म्हणून. आणि "लिहून बसला" म्हटलं की पस्तावा आलाच, अरे हा भलतंच काहीतरी लिहून बसला, आता निस्तरा. यातला कुठलाच शब्द अवघड नाही, सगळे पहिलीतल्या मुलाला येतात, आणि म्हणूनच हे शिकवायला सोपं आहे कारण यादी उघडायची गरजच पडत नाही.

'करून ठेवलंस' तर बघा. "सगळी तयारी करून ठेवलीस" हे कौतुक आहे, "हे काय करून ठेवलंस" ही खरडपट्टी. शेपूट तेच आहे. मग फरक कशाने पडला ते मुलांना शोधू द्या, 'हे काय' ने पडला की आवाजाने, शाईडाग यांनी सांगितलेली काकू इथे कामाला येते.

आणि फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, सांडणे-सांडवणे या जोड्या घ्याच. "काच फुटली" आणि "मी काच फोडली", सगळ्या मुलांना यातला फरक जन्मापासून माहीत असतो, वर्गात कोणीही उभं राहून "मी फोडली" म्हणत नाही. मोठी माणसंही तेच करतात, "चूक झाली", "निर्णय लांबला", "फाईल गहाळ झाली". कर्ता कुठे गेला? हे नववीतल्या मुलांना फार पटकन समजतं आणि मग ती निवेदनं वेगळ्या डोळ्यांनी वाचायला लागतात.

लिंगाचं पण राहिलंच की. म्हातारा, म्हातारी आणि म्हातारं. "ते म्हातारं एकटंच राहतं" म्हटलं की एकदम कणव येते, आणि तेच चिडून म्हटलं तर तुच्छता येते. नपुंसकलिंग केलं की माणूस लहान होतो, मग लहान म्हणून जवळ घ्यायचं की लहान म्हणून झटकायचं हे प्रसंगावर. पोरगं, लेकरू, येडं, सगळे याच घरातले. बोलीचंही भान ठेवा मात्र, 'पोट्टं' वऱ्हाडीत साधं मूल आहे, त्यात शिवी शोधायला जाऊ नये, आणि वर्गात एखाद्या मुलाच्या घरचा शब्द आपण हलका ठरवला तर तो पुढे तोंड उघडणार नाही.

तिसरा बाक

शरीराचे शब्द अजिबात घेऊ नका ताई, यावर मी ठाम आहे. हडकुळा, ढब्बू, ठेंगू, काळाकुट्ट, हे फळ्यावर लिहिले की मधल्या सुट्टीपर्यंत त्यातला एक शब्द कोणालातरी चिकटलेला असतो आणि तो वर्षभर सुटत नाही. छटा शिकवायला चालण्याचे, बोलण्याचे, बघण्याचे शब्द भरपूर आहेत. बोलणेच घ्या, पुटपुटणे, कुजबुजणे, बडबडणे, बरळणे, ठणकावणे, सुनावणे, विनवणे. 'सुनावलं' आणि 'सांगितलं' यात मान कोणाचा गेला एवढा एक प्रश्न विचारला तरी तास भरतो.

माणसांच्या गटांसाठीचे शब्द मात्र टाळून चालणार नाहीत, ते पेपरात रोज येतात. तिथे मी मुलांना एवढंच दाखवते की चांगल्या हेतूने आणलेला शब्दही सगळ्यांना चांगला वाटेलच असं नाही. २०१५च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग'च्या जागी 'दिव्यांग' सुचवला, सरकारी कागदांत तो आला, आणि त्याच वेळी अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या बऱ्याच गटांनी आम्हाला दिव्य म्हणू नका, अडथळे काढा असं म्हणून त्याला विरोध केला. शब्द ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारायचं असतं, हे मुलांना यातून पोचतं.

शाईडाग

मार्कांबद्दल. "खालीलपैकी नकारात्मक छटेचा शब्द कोणता" असला प्रश्न काढू नका, त्याचं उत्तर पाठ करता येतं. मी असा काढतो: तीन-चार ओळींचा उतारा, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ. प्रश्न, हा शब्द बदलून दुसरा लिहा आणि वाचणाऱ्यासाठी काय बदललं ते दोन वाक्यांत सांगा. शब्दाला एक मार्क, कारणाला तीन. कारणात मी बघतो की बोलणारा कोण वाटतो ते सांगितलंय का, ज्याच्याबद्दल बोललंय त्याचं काय झालं ते सांगितलंय का, आणि "चांगलं वाटतं", "प्रभावी वाटतं" असलं कुठेही चिकटवता येणारं वाक्य टाळलंय का.

एका पेपरात "मालकाने त्याला सांगितलं" मधल्या 'सांगितलं' खाली रेघ होती. एका मुलाने 'सुनावलं' लिहिलं आणि कारण दिलं की आता तो खाली मान घालून उभा आहे असं दिसतं. दुसरीने 'बजावलं' लिहिलं आणि म्हणाली, यात पुढच्या वेळची धमकी आहे, सुनावण्यात ती नसते, ते झालेल्या गोष्टीबद्दल असतं. दोघांनाही पूर्ण मार्क. दोन उत्तरं वेगळी आली म्हणून एक चूक ठरत नाही, हे आधीच वर्गात जाहीर करून टाका म्हणजे मुलं तुमच्या मनातला शब्द शोधत बसणार नाहीत.

आणि हे गृहपाठाला देऊ नका. घरी गेल्यावर परत यादी नाहीतर फोन उघडतात आणि आपण होतो तिथेच. तासाची शेवटची दहा मिनिटं, फळ्यावर एक वाक्य, वह्या बंद, तोंडी. आठवड्यातून दोनदा जमलं तरी चालतं.